गोळी घेतली का, मंगल?

आत्याबाई, तुमचं तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नसेल, तुम्ही मला हाक मारलीत.

दुपार होती. हळद शिजवायला वाफेचा मोठा कुकर आला होता म्हणून हे शेतात होते आणि घरात मी एकटी. मोरीत बसून भांडी घासत होते, नळ सुरू होता. मागून, तुमच्या बाजेकडून, तुमच्याच त्या नेहमीच्या जराशा चिडक्या आवाजात आलं, "मंगल, गोळी घेतली का?"

"घेतली, आत्याबाई," मी म्हणाले आणि पातेलं पालथं घातलं. दुसरं पातेलं हातात घेतलं तेव्हा कुठं ध्यानात आलं, की बाज आपण अंगणात काढली आहे आणि त्या जागी आता ज्वारीचं पोतं उभं आहे.

दुसऱ्या एखाद्या घरात ही गोष्ट एवढ्यावर संपली असती. सून थोडी रडली असती, शेजारणीला सांगितलं असतं, शेजारीण म्हणाली असती, व्हय बाई, आमचे मामंजी बी वर्षभर दारात खाकरायचे. पण मी पडले स्किझोफ्रेनियाची पेशंट. नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून गेली वीसेक वर्षं मी रोज गोळी खाते. आणि आता नसलेलं माणूस येऊन मला विचारतंय, की आवाज बंद करायची गोळी घेतलीस का! तुम्ही असतात तर पदर तोंडात कोंबून हसला असतात.

मग हसणं आवरून पाटावर सरळ बसला असतात आणि तुमची उलटतपासणी सुरू झाली असती. कुटून आला आवाज? एकला का दोघं? काम काय म्हणतो? ही तपासणी आता कोण करणार, या विचारानं मी नळ बंद केला आणि तिथंच रडत बसले. तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं होतं आणि भीतीही वाटली होती. आजार परत आला असेल तर? त्या दिवसापासून हा एकच प्रश्न घेऊन मी घरभर हिंडले. असला प्रश्न मी आजवर तुमच्याशिवाय कुणाला विचारलेला नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

तुमच्याबद्दल गावातलं कुणीही बोलायला लागलं की देवीपासून सुरू करतं. नवरात्रात आणि चैत्राच्या पुनवेला तुमच्या अंगात देवी यायची. साखरा गावापासून पलीकडच्या तांड्यापर्यंतची माणसं विचारायला यायची, हरवलेल्या म्हशीपासून अडलेल्या सोयरिकीपर्यंत काहीही. हलगी वाजली की तुमचे केस सुटायचे, आवाज बदलायचा. नारळ फुटला, तोंडावर पाणी मारलं, की तुम्ही पुन्हा तुम्ही. आणि परत आल्यावरचं पहिलं वाक्य ठरलेलं, "चहा टाक गं." लग्न होऊन आले त्या पहिल्या नवरात्रात मी घाबरून न्हाणीत जाऊन लपले होते. तुम्ही मला शोधत आलात. कपाळभर हळद फासलेली, केस अजून मोकळे. म्हणालात, "काहून भेली? पाव्हणी हाय ती. काम असलं तर येती, बसती, बोलती, जाती."

माझ्याकडे ज्या आल्या त्या पाव्हण्या नव्हत्या.

धाकटा रांगत होता तेव्हाची गोष्ट. दोन बायकांचे आवाज मला ऐकू यायला लागले. त्या माझ्याशी बोलत नसत, आपसांत माझ्याबद्दल बोलत. "आता पीठ मळून राहिली." "आता तवा टाकला." "पाणी जास्त झालं बघ." रेडिओवर क्रिकेटचा सामना सांगतात तसं माझ्या भाकरीचं सांगणं दिवसभर चालायचं. त्यात गावातली गिरणी. तिचा पुक-पुक आवाज सुरू झाला की माझ्या मनातलं सगळं त्याच्याबरोबर बाहेर पडतं आणि गावभर ऐकू जातं, अशी माझी पक्की खात्री झाली होती. म्हणून गिरणी सुरू असेपर्यंत मी गोधडीत शिरून काहीच विचार न करण्याचा प्रयत्न करायची. कुणीही करून बघावं, जमत नाही. पुढं पुढं मी भिंतीकडे तोंड करून नुसतीच बसायला लागले. आंघोळ नाही, वेणी नाही. लेकरू रडलं तरी उठावं असं मनात येत नसे. तुम्ही त्याला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि बघायच्या, एवढं मला आठवतं.

भावकीला मात्र आनंद झाला! सासूची देवी सुनेकडे चालली, गादी पुढं सुरू राहिली, असं सगळ्यांनी आपसांत ठरवून टाकलं. दोघीचौघी तर येऊन माझ्या पाया पडून गेल्या. एक दिवस हलगीवाल्याला बोलावलं, मला पाटावर बसवलं, आणि जो दणका सुरू झाला! मी कान झाकून घेतले. पण त्या दोघी हलगीच्या वरताण बोलत होत्या, "आता हलगीवाला आला. आता हिनं कान झाकले."

तुम्ही माझ्यासमोर मांडी घालून बसलात. हात वर करून हलगी थांबवलीत.

"त्या हलगीवर आल्या का?"

"न्हाई. आधीपासूनच हायेत."

"जा म्हटलं तर जातात?"

"न्हाई."

"काई मागतात? साडी, नारळ, निवद?"

"काई मागत न्हाईत. नुस्त्या सांगत राहतात."

"कोणाचं सांगतात? लोकायचं सांगतात का तुझंच?"

"माझंच."

तुम्ही गुडघ्यावर हात टेकून उठलात आणि भावकीकडे वळलात. "उचला ती हलगी. ही देवी न्हाई. एका बाईच्या भाकरी मोजत बसायला देवीला एवढा येळ नसतो."

"मग काय हाय?" कुणीतरी विचारलं.

"मला काय ठाव? डाक्टरला विचारू."

तेव्हा मागून आलेलं वाक्य मलाही ऐकू आलं होतं. "सुनेला डाक्टर अन् सासूला देवी, असं कसं चालंल?" ते वाक्य पुढं गावात बरंच फिरलं. पुढच्या नवरात्रात आपल्या अंगणात गर्दी कमी होती. तुम्ही जाजमाचा एक पट्टा घडी घालून आत ठेवलात आणि म्हणालात, "बरं झालं, झाडायला कमी." मला तेव्हा समजायची ताकद नव्हती, आत्याबाई. आता समजतं. गादीला वारस आयता मिळत होता आणि तुम्ही तो परत केलात. सुनेच्या भाकरीसाठी केलात.

हिंगोलीला नांदेडहून दर गुरुवारी एक डॉक्टर यायचे. सेनगावहून एसटीनं निघालो तेव्हा मी मधेच उतरून पळेन म्हणून तुम्ही माझा पदर तुमच्या पदराला गाठ मारून ठेवला होता. तशीच गाठ बांधलेल्या आपण डॉक्टरांच्या खोलीत शिरलो, मागून हे. डॉक्टरांनी विचारलं, "आवाज कुणाला येतात?"

तुम्हाला वाटलं, आधी खरी देवी कशी असते हे सांगितल्याशिवाय ह्या दोघी देवी नाहीत हे डॉक्टरला कळणार कसं? म्हणून तुम्ही स्वतःपासून सुरुवात केलीत. केस कसे सुटतात, अंग कसं कापतं, आवाज कसा बदलतो. डॉक्टरांनी खुर्ची तुमच्याकडे वळवली आणि लिहायला घेतलं. "आजी, हे किती वर्षांपासून होतंय?" "लगीन व्हायच्या आधीपासून." "मग गोळ्या कुठल्या घेताय?" "म्या काहून घेऊ गोळ्या?" पाचसात प्रश्न झाल्यावर ह्यांनी चाचरत सांगितलं, "साहेब, ही माय हाय. पेशंट ती हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि खळखळून हसले. मलाही हसू आलं. लगेच त्या दोघींपैकी एक म्हणाली, "आता हसली."

पण त्या माणसाचं मला एक आवडलं. त्यांनी तुमचं बोलणं उडवून लावलं नाही. मुद्दाम आणखी विचारलं, की देवी ठरल्या वेळीच येते का, गावाला त्याचं काही वावगं वाटतं का, तुमचं खाणंपिणं, झोप, शेतातलं काम त्यानं अडतं का. मग समजावून सांगितलं, की जे साऱ्या गावाच्या ओळखीचं आहे, रीतीप्रमाणे येतं, रीतीप्रमाणे जातं आणि माणसाचं जगणं बिघडवत नाही, ते आम्ही आजारात धरत नाही. "आजी, तुमचं आमच्या पुस्तकात बसत नाही," ते म्हणाले.

"काहून बसत न्हाई?" तुम्हाला राग आला. "लहान हाय का पुस्तक?"

मग माझी पाळी. आवाज किती, आपसांत बोलतात का, तुझ्याबद्दल बोलतात का, मनातले विचार बाहेर जातात असं वाटतं का, कुणी वाईटावर आहे असं वाटतं का. ज्या गोष्टी मी कुणाला सांगितल्या नव्हत्या त्यांचेच प्रश्न हा माणूस एकामागोमाग विचारत होता. मला वाटलं, गिरणीचा आवाज हिंगोलीपर्यंत पोचला की काय! मग फिट येते का, डोक्याला मार लागला होता का, लई उदास किंवा लई खुशीत असते का, दारू, गांजा. गांजाचं नाव निघाल्यावर तुम्ही उठूनच उभ्या राहिलात, आणि पदराच्या गाठीमुळे मलाही उठावं लागलं.

रक्त तपासायला दिलं. पुढच्या गुरुवारी कळलं, रक्तात काही दोष नाही. त्यावर तुम्ही डॉक्टरांशी जे भांडलात ते आठवून मी अजूनही एकटी हसते. "रगत बराबर हाय म्हणता, मग इलाज कशाचा?" डॉक्टर म्हणाले, थायरॉइड किंवा दुसरं काही नाही ना, एवढं बघायला रक्त काढलं. हा आजार रक्तात दिसत नाही आणि मेंदूच्या फोटोतही दिसत नाही.

"मग कळतो कसा?"

"विचारून, बघून आणि थांबून," डॉक्टर म्हणाले.

परतीच्या एसटीत तुम्ही शेजारच्या बाईला सांगत होतात, म्या केलं तेच डाक्टरनं केलं. इचारलं अन् बघितलं. पण आत्याबाई, थांबणं काही तुमचं नव्हतं. तुम्हाला त्याच दिवशी नाव हवं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लगेच सुरू केल्या, नाव मात्र दिलं नाही. असेच आवाज, असेच संशय थोड्या दिवसांसाठी येऊन निघूनही जातात, म्हणाले. एका पुस्तकाप्रमाणे निदान महिनाभर बघायचं, दुसऱ्या पुस्तकाप्रमाणे सहा महिने. माणूस जन्मभर नाव घेऊन फिरणार, ते घाईनं कशाला द्यायचं? "नाव न ठेवता दवा कसा देता?" तुम्ही अडलात. "बारसं होईपर्यंत लेकराला दूध पाजतच नाही का, आजी?" डॉक्टर म्हणाले.  तुम्हाला गप्प बसवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

ते थांबणं सगळं तुमच्या अंगावर पडलं. डॉक्टरांना दिवसभर माझ्याजवळ असणारं माणूस हवं होतं. ह्यांना विचारलं की ह्यांचं एकच उत्तर, "सगळं बराबर हाय साहेब." मी खांबाशी बोलत असले तरी बराबर, दोन दिवस जेवले नसले तरी बराबर. तुम्ही ह्यांना कोपरानं ढोसायच्या आणि सगळं सांगायच्या. काय खाल्लं, कशाला भ्याली, वेणी स्वतःहून घातली का, लेकराला जवळ घेतलं का. वाढवून नाही, झाकूनही नाही. मी ऐकत बसायची आणि मला वाटायचं, ह्याही माझ्याबद्दल बोलून राहिल्या, त्या दोघींसारख्याच. फक्त तुमच्या बोलण्यानंतर मला भूक लागायची.

काही महिन्यांनी नाव ठरलं. स्किझोफ्रेनिया, त्यातही संशयाचा प्रकार. मराठीत काय म्हणतात, असं ह्यांनी विचारलं. डॉक्टरांनी छिन्नमनस्कता असा शब्द सांगितला. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला. "छिन्न काहून? तिचं मन चांगलं धड हाय. तकलीफ कानाची हाय." शेवटी इंग्रजी नावच बरं, असं आपण तिघांनी ठरवलं, कारण ते कुणालाच कळत नव्हतं आणि त्यात काही फाटल्यासारखं ऐकू येत नव्हतं.

गोळ्यांनी आधी हात कापायचे, झोप अनावर यायची. मग डॉक्टरांनी त्या बदलल्या. त्या दोघी एकदम गेल्या नाहीत. आधी घरातून अंगणात गेल्या, मग शेजारच्या आळीत, मग शब्द कळेनासे झाले. एक दिवस गिरणी सुरू होती आणि मी तांदूळ निवडत होते. निवडून झाल्यावर लक्षात आलं, की गिरणी सुरू आहे. तुम्हाला सांगितलं. तुम्ही दळणाचा डबा उचलून माझ्या डोक्यावर दिलात. त्या दिवशी दळण घेऊन मी गिरणीवर गेले. कसली खुशी झाली होती मला! पीठ गरम होतं आणि डोक्याला चटका बसत होता, तरी रस्ता संपू नये असं वाटत होतं.

आणि तेव्हापासून तुमचं ते सुरू झालं. जेवण झालं की बाजेवरून हाक, "मंगल, गोळी घेतली का?" बरी असले तरी, पाहुणे असले तरी, माझं माहेरचं माणूस समोर बसलेलं असलं तरी. थोरल्याच्या लग्नात मांडवातून ओरडला होतात. विहिणीनं विचारलं, कसली गोळी? तुम्ही बिनदिक्कत सांगितलंत, "तिच्या कानाची." मला त्या वेळी धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. विहीण म्हणाली, "माझी बीपीची राहिलीच बघा," आणि पिशवीत हात घातला.

मधे एकदा डॉक्टरांनी सांगितलं, की नव्या पुस्तकातून आजाराचे प्रकार काढून टाकले आहेत. संशयाचा, अमका, तमका, काही नाही. आता नुसतं स्किझोफ्रेनिया म्हणायचं, आणि आजार पहिल्यांदाच झालाय का पुन्हा पुन्हा होतोय, सध्या त्रास आहे की उतरला आहे, एवढं बघायचं. तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "एवढी वर्षं ज्या प्रकाराच्या गोळ्या खाल्ल्या, तो प्रकारच न्हाई म्हणता?" डॉक्टर म्हणाले, "आजी, आज एका प्रकारात बसलेला माणूस दोन वर्षांनी दुसऱ्यात बसायचा. गोळी तीच असायची."

"मग येगळं काढायची मेहनत काहून केली?"

"तेच आमच्या मोठ्या डॉक्टरांना उशिरा सुचलं."

तुम्ही हळदीचा दाखला दिलात. शिजवायच्या आधी मधला जाड गड्डा अन् त्याला फुटलेलं हळकुंड वेगळं काढावंच लागतं, म्हणालात, दोन्हीला सारखी वाफ देऊन चालत नाही. डॉक्टर म्हणाले, हळदीत फरक करून उपयोग होतो म्हणून करतात, इथं उपयोग होत नव्हता. तुम्हाला पटलं नाही. बाहेर आल्यावर म्हणालात, "आपला प्रकार हाय तोच ठिवायचा. त्यायचं पुस्तक बदललं म्हणून आपण काहून बदलायचं?"

आपलं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते काही मिटलं नाही. मी म्हणायची, आत्याबाई, तुमची देवी आणि माझ्या बाया एकाच गावच्या. तुमच्याकडे बोलवायला हलगी आणि पाठवायला नारळ होता, माझ्याकडे दोन्ही नव्हतं, म्हणून तुम्हाला पाट आणि मला गोळी. तुम्ही खवळायच्या. "एका गावच्या कशा? माझी लोकायसाठी येती. तुझ्या तुझ्याच मागं." मी म्हणायची, डॉक्टरांनी तुम्हाला पास केलं म्हणून तुमची चैन. तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घालायच्या. जाण्याच्या आदल्या दिवशीही तूर पाखडताना हेच चाललं होतं. शेवटी तुम्ही सूप खाली ठेवून म्हणालात, "याचं उत्तर हाय माझ्याकडं. हळद निघू दे, निवांत सांगते." दुसऱ्या दिवशी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. हळद निघाली, आत्याबाई. शिजली, वाळत पडली आहे. उत्तर तुमच्याकडेच राहिलं.

एक गोष्ट माझ्याकडेही राहिली आहे. तीन-चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रात हलगी वाजत राहिली आणि देवी आलीच नाही. तुम्ही केस सोडून बसलात, लोक वाट बघत राहिले, हलगीवाल्याचे हात भरून आले. शेवटी तुम्ही आपणच केस बांधले आणि आत आलात. मी न सांगता चहा टाकला. तुम्ही चुलीशी बसून म्हणालात, "तुझ्या गेल्या, माझी बी गेली." मग विचारलंत, "तुला चुकल्यासारखं झालं का गं, त्या गेल्यावर?" मी म्हणाले, "छे, सुटले मी." ते खरंच होतं. पण त्या गेल्यावर काही दिवस घर ओकंबोकं वाटलं होतं, तवा टाकला की कुणीतरी काहीतरी म्हणावं असं वाटायचं, हेही खरं होतं. ते तुम्हाला सांगितलं असतं तर त्या संध्याकाळी तुम्हाला जरा सोबत झाली असती. आज सांगते. चुकल्यासारखं झालं होतं, आत्याबाई.

तर तुमच्या त्या हाकेनंतर तीनचार दिवसांनी मी ह्यांना सांगितलं.  गुरुवारी सकाळी हे अंगणात येऊन म्हणाले, "चल." एसटीत शेजारी बसले. पदराला गाठ नव्हती, पण हात धरून ठेवला होता माझा, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

डॉक्टर आता म्हातारे दिसतात. तुम्ही गेल्याचं कळल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. मग ह्यांना विचारलं, "कशी आहे ही?" मी मनात म्हटलं, झालं, आता सगळं बराबर. पण तुमचं पोरगं खुर्ची पुढं ओढून बोलायला लागलं. "झोप लागती. जेवती, पण भाकरी कमी झाली. रडती, पण काम करता करता रडती. दळण स्वतः घेऊन गेली, गिरणीला भेली न्हाई. लोकायवर संशय घेत न्हाई. आवाज एक डाव आला, मायचा आला." मी ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. एवढी वर्षं तुमची कोपरं खाऊन हा माणूस शिकत होता, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

"आजींचाच प्रश्न विचारतो," डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले. "आवाजाचं काम काय होतं?"

"गोळी घेतली का, विचारत होत्या."

डॉक्टर हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग सावरून नीट सांगितलं, की जवळचं माणूस गेल्यावर त्याची हाक ऐकू येणं पुष्कळ जणांना होतं, तेवढ्यावरून कुणी त्याला आजार म्हणत नाही. माझ्या बाबतीत ते सावध राहणार, गोळी आहे तशीच, पुढच्या महिन्यात पुन्हा यायचं. झोप उडाली, आपसांत बोलणारे आवाज आले, गिरणीची भीती वाटली, तर त्याच दिवशी निघायचं. "पण आजचं हे," ते म्हणाले, "आजींचं हेही पुस्तकात बसत नाही."

ऐकलंत ना? मेल्यावरसुद्धा बसला नाहीत!

येताना हिंगोलीच्या स्टँडवर आम्ही दोघांनी भजी खाल्ली. मला कडकडून भूक लागली होती.

त्यानंतर तुमचा आवाज आलेला नाही. मी बरी आहे, खरंच बरी आहे. दुपारी भांडी घासायला बसले की नळ बारीक सोडते, एवढंच. गोळी चुकवत नाही. जेवण झालं की लगेच घेते. हे समोरच बसलेले असतात, बघतात. पण घेतली म्हणून मी मोठ्यानं सांगत नाही. तुम्हीच म्हणायच्या ना, काम असलं तर येती. तुमचं तेवढं काम मी ठेवून दिलंय.